तेराव्या मिनिटाचं टेकाड

इरा, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, तू कंपनीत नक्की काय करायचीस?" मी तोंड उघडायच्या आत मागून तुझा बाबा म्हणाला, "आजी सह्या करायची." तुझा भाऊ अर्णव हसला, तूही हसलीस आणि कॉल संपला. मी मात्र दोन दिवस धुसफुसत होते.

तिसऱ्या दिवशी आमच्या चिंचवडच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचे संपादक लेख मागायला आले. त्यांनी विषयही आणला होता, 'औषधनिर्मिती क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी म्हटलं, वाटचाल मी लिहिणार नाही. कुठल्या साली मला कुठलं पद मिळालं हे वाचून कोणाचं काय भलं होणार? मी सह्यांबद्दल लिहीन. ते जरा चाचरत म्हणाले, "चालेल काकू, पण दिवाळी आहे, जरा आनंदी लिहा." हा लेख आनंदी आहे की नाही ते, इरा-अर्णव, तुम्हीच ठरवा. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. त्याने मधलं काही गाळलं तर मला कळेल, हे त्याला ठाऊक आहे.

माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर उघडल्याची तारीख असते, अगदी लोणच्याच्यासुद्धा, यावर तुम्ही दर सुट्टीत हसता. ती सवय चाकणची. तिथल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी आयुष्याची पंचवीसेक वर्षं काढली. तारीख आणि सही नसलेला कागद आमच्याकडे कागदच नव्हे.

माझं काम होतं औषधातली अशुद्धी शोधण्याच्या रीती बसवणं. कुठल्याही औषधात औषधाशिवाय आणखी थोडं काहीतरी असतंच. बनवताना मागे राहिलेलं असतं, किंवा बाटलीत पडून राहिल्यावर नव्याने तयार झालेलं असतं. ते किती आहे, हे खात्रीने मोजता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक औषधाची वेगळी रीत लागते. तिला आम्ही मेथड म्हणतो.

चाकणचा तळेगाव चौक तुम्ही पाहिला आहे. सिग्नल सुटला की आधी दुचाक्या फटीफटीतून निसटतात, मग रिक्षा, मग कंपन्यांच्या बस, आणि सगळ्यांत शेवटी तो अवाढव्य कंटेनर. आमच्या यंत्रात हेच चालतं. बारीक भुकटी ठासून भरलेली एक पोलादी नळी असते. तिच्यातून औषधाचं द्रावण पंपाने ढकलायचं. भुकटीला कमी चिकटणारा पदार्थ लवकर बाहेर पडतो, जास्त चिकटणारा उशिरा. नळीच्या दुसऱ्या टोकाला एक दिवा बसवलेला असतो. त्याच्यासमोरून जो जाईल त्याची नोंद पडद्यावर सुळक्यासारखी उमटते. सुळका कितव्या मिनिटाला आला यावरून कोण गेला ते कळतं, किती मोठा आहे यावरून किती गेलं ते कळतं. कोणाला आधी सोडायचं, कोणाला मागे रोखायचं, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड लपून जाणार नाहीत, हे ठरवणं ही माझी कारागिरी.

मेथडवर विश्वास टाकण्याआधी आम्ही औषधाचा छळ करायचो. त्याला आम्लात उकळायचं, अल्कलीत ठेवायचं, भट्टीत तापवायचं, उजेडात उघडं टाकायचं. त्याचे जितके तुकडे होतील तितके सगळे मेथडला दिसले पाहिजेत. एखादा जरी दिसला नाही तरी मेथड नापास. मी फार मेथडी नापास केल्या. माझ्या पाठीमागे लोक मला 'नापास मॅडम' म्हणायचे. मला ते ऐकू यायचं आणि आवडायचंही.

एकदा एका परदेशी खरेदीदाराचा एजंट आला. सफारी सूट, हातात सुक्या मेव्याचा डबा. त्याला सर्टिफिकेटवर 'अशुद्धी शून्य' असं लिहून हवं होतं.

मी म्हटलं, "शून्य नाही लिहिता येणार. 'आढळली नाही' असं लिहीन."

"एकच ना मॅडम?"

"तुमच्या खिशात पाकीट मला दिसत नाही. म्हणजे तुमच्याकडे पाकीट नाही असं लिहू?"

त्याने खरोखर खिसा चाचपून पाहिला. डबा मात्र परत घेऊन गेला.

एका हिवाळ्यात गोळ्यांच्या तपासणीत एक अनोळखी सुळका यायला लागला, तोही फक्त दुपारनंतर. सकाळी औषध शुद्ध, जेवणानंतर अशुद्ध. आठवडाभर आम्ही पाणी बदललं, नळी बदलली, एकमेकांवर चिडलो. शेवटी निघालं ते असं: तळेगावहून स्कूटीवर येणाऱ्या आमच्या शबानाचे हात थंडीने फुटायचे. जेवल्यावर हात धुऊन ती क्रीम लावायची आणि हातमोजे न घालता द्रावण करायला बसायची. क्रीम टिकावी म्हणून तिच्यात जो पदार्थ घालतात, तो आमच्या यंत्राला दिसत होता. शबाना रडकुंडीला आली. मी तिला म्हटलं, "रडतेस काय? मेथड किती चांगली आहे बघ, तुझी क्रीमसुद्धा पकडते!" मेथड अर्थात माझी होती. माझ्या गर्वाचा अंदाज यावा म्हणून हे सांगते आहे, कारण पुढची गोष्ट त्या गर्वाची आहे.

लहान मुलांच्या सर्दीचं एक पातळ औषध आम्ही बनवायचो. संत्र्याच्या वासाचं, केशरी. त्याची मेथडही माझीच. सुरुवातीला ती एका तपासणीला साठ मिनिटं घ्यायची. उत्पादन वाढलं, बाटल्या तपासणीसाठी तुंबू लागल्या. मी जुने सगळे आलेख काढून पाहिले. पंचविसाव्या मिनिटानंतर कशातच काही येत नव्हतं. मग मी मेथड पंचवीस मिनिटांवर आणली. सगळी कागदपत्रं चोख. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या आणि आमच्या प्लँट हेडनी, त्यांना मी इथे साहेबच म्हणते, मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ ते हेच.

पुढे दोन वर्षांनी खरेदी खात्याने संत्र्याचा स्वाद पुरवणारा माणूस बदलला. अशा बदलाचा कागद माझ्याकडे यायचा. मी नवा स्वाद यंत्रात घालून पाहिला, काही त्रासदायक दिसलं नाही. 'मेथडवर परिणाम नाही' असं लिहून सही केली. तारीख टाकली.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हा एका सकाळी शबाना माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आता ती सीनिअर झाली होती, हातमोज्यांशिवाय दाराचं हँडलही धरत नसे.

"मॅडम, माझी एक चूक झाली. बाटल्यांचा क्रम चुकला."

आमच्याकडे तपासणीची सुरुवात नेहमी कोऱ्या द्रावणाने होते. त्यात औषध नसतं, म्हणून आलेख सपाट यायला हवा. मग औषधाचे नमुने. शबानाने चुकून कोरं द्रावण औषधाच्या नमुन्यांनंतर पुन्हा एकदा लावलं होतं. आणि त्या कोऱ्या द्रावणाच्या आलेखात तेराव्या मिनिटाला एक टेकाड होतं. सुळका नव्हे, बसकं, पसरट टेकाड.

"काचसामान नीट धुतलं गेलं नाही," मी चष्मा न काढता सांगितलं. "हिराबाईंना बोलाव."

हिराबाई आमच्याकडे काचसामान धुवायच्या. शेजारच्या म्हाळुंगे गावच्या. कंपनीचं पार्किंग जिथे आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचा कांदा व्हायचा, हे त्या दर नव्या माणसाला सांगायच्या. ठेकेदाराकडून आलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. फ्लास्क उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायची त्यांची तऱ्हा होती.

"हिराबाई, हा फ्लास्क नीट धुतलेला नाही."

"धुतलाय."

"यंत्र सांगतंय."

"मंग यंत्राला धुवा."

शबाना खाली बघून हसली. मी हसले नाही. मी त्यांना माझ्यासमोर तो फ्लास्क तीनदा धुवायला लावला. बावन्न वर्षांच्या बाईला, सगळ्या प्रयोगशाळेसमोर. त्यातलं कोरं द्रावण तिन्ही वेळा नमुन्यांनंतरच लावलं, आणि तिन्ही वेळा टेकाड आलं.

आता आमच्या धंद्यातली एक रूढी सांगते. काही बिघडलं की त्याचं कारण शोधून फॉर्म भरावा लागतो. कारण सापडलं नाही की लिहायचं, 'मानवी चूक'. उपाय, 'संबंधित व्यक्तीस पुन्हा प्रशिक्षण'. ती व्यक्ती सही करते, फाईल बंद होते, सगळे घरी जातात. आणि 'संबंधित व्यक्ती' नेहमी सगळ्यांत खालची असते. मी स्वतः असे किती फॉर्म बंद केले असतील, देव जाणे. त्या दिवशीही फॉर्म तयार होता. हिराबाईंचं नाव टाइप केलेलं होतं.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"म्या न्हाई सही करायची."

"अहो, नुसतं प्रशिक्षण आहे. अर्धा तास बसायचं."

"तीन डाव असली ट्रेनिंग झाली की ठेकेदार बाई बदलतो, ठाव हाय मला. पर त्ये जाऊ द्या. बाटली सोच्छ व्हती, मॅडम. म्या केलं न्हाई त्याच्याखाली माझं नाव कशापायी?"

आयुष्यभर मी लोकांना हेच शिकवत आले होते, खात्री नसेल तर सही करू नका. खरोखर तसं वागणारी ही पहिलीच बाई माझ्यासमोर उभी होती, आणि मी तिच्या हातात पेन देत होते.

त्या दुपारी मी आलेख पुन्हा काढले. औषधाच्या नमुन्यांचे, गेल्या कित्येक महिन्यांचे. तेराव्या मिनिटाचं टेकाड स्वाद बदलल्यानंतरच्या सगळ्यांत होतं, आधीच्या एकातही नाही. फिकट, पण होतं. फक्त प्रत्येक वेळच्या पहिल्या नमुन्यात नव्हतं, दुसऱ्यापासून होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि त्याला 'यंत्राचा श्वास' असं नावही ठेवलं होतं. नाव ठेवलं की माणूस पुन्हा विचारत नाही.

आणि मग मला चौक आठवला. पसरट टेकाड म्हणजे नळीत फार वेळ रेंगाळलेला पदार्थ. आजूबाजूचे सुळके ताठ आणि हा एकटाच दमलेला. म्हणजे हा या फेरीतला नव्हेच. आधीच्या फेरीचा कंटेनर होता तो. मी पंचविसाव्या मिनिटाला मोजणी बंद करत होते, आणि तो पुढच्या फेरीच्या दुचाक्यांमध्ये मिसळून चौकातून जात होता.

गुरुवारी औद्योगिक वसाहतीची सुट्टी. यंत्रं मोकळी असतात. मी शबानाला विचारलं, येशील का? ती म्हणाली, "अब्बांच्या गॅरेजलाही सुट्टीच आहे, येते. पण मॅडम, डबा तुमच्याकडून." मी पुरणपोळ्या नेल्या. आम्ही नमुना लावला आणि यंत्राला दीड तास थांबूच दिलं नाही. पंचवीस मिनिटं झाली. तीस झाली. पस्तीस. रेघ सपाट. शबानाने पोळीचा घास हातात तसाच धरला होता. अडतिसाव्या मिनिटाला रेघ हलली, वर चढली, सावकाश उतरली.

"आला," ती म्हणाली.

अडतीस वजा पंचवीस, तेरा. इतकी सोपी वजाबाकी मला जमली नव्हती.

कपाटात ठेवलेल्या अकरा महिने जुन्या बाटलीतला नमुना लावला. तो सुळका मोठा होता. नव्या बाटलीत परवानगीच्या रेषेच्या किंचित खाली, जुन्या बाटलीत स्पष्ट वर. म्हणजे तो पदार्थ बाटलीत वाढत होता. दुकानांतल्या बाटल्यांतही आणि घरोघरच्या कपाटांतल्याही.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच लिहून ठेवते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी स्वतः दवाखान्यात आले होते. पण त्यांच्या आवारात चार बॅचेस गाडीत चढायला उभ्या होत्या आणि त्यांवर माझी सही व्हायची होती.

त्यांनी आलेख पाहिले.

"मॅडम, मेथड तुमची."

"हो."

"पंचवीस मिनिटं तुम्हीच केलीत. स्वादाच्या कागदावर सही तुमची."

"हो."

"म्हणजे निवृत्तीला दीड वर्ष असताना तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणार."

"पाय माझा आहे."

ते खुर्चीत मागे रेलले. "असं करा. यंत्राला बाराव्या ते चौदाव्या मिनिटाची मोजणी बंद करायला सांगता येतं ना? तेवढी दोन मिनिटं बघू नको म्हणावं. धुणाऱ्या बाईचा फॉर्म बंद करा. नव्या बॅचेस रेषेच्या खालीच आहेत. त्या जाऊ देत. मेथड आपण सावकाश सुधारू."

"आणि दुकानातल्या?"

"तो पदार्थ विषारी आहे असं कुठं सिद्ध झालंय?"

"नाही असं तरी कुठं झालंय? साहेब, तो कोण आहे हेच आपल्याला माहीत नाही. आणि आपण प्रत्येक बॅचबरोबर कागद देतोय की दुसरं काही आढळलं नाही. आपण पंचविसाव्या मिनिटाला पाठ फिरवतो आणि लिहितो, आढळलं नाही."

"तुम्ही सही नाही केलीत तर मला दुसऱ्याची घ्यावी लागेल."

"घ्या. पण हे आलेख फाईलमध्ये आहेत, तारखेसकट, आणि त्यांवर माझी सही आहे. जो कोणी सही करेल त्याला ते आधी वाचावे लागतील."

मी उठले. आलेख उचलले आणि बाहेर पडले.

दुसऱ्या कोणीही सही केली नाही. दोघांना विचारलं होतं, असं मला नंतर कळलं. गाडी रिकामी परत गेली. मी नवा फॉर्म घेतला आणि 'कारण' या रकान्यात 'मानवी चूक' हेच शब्द लिहिले. त्यापुढे लिहिलं: नवा स्वाद एकटाच तपासला, औषधासोबत नांदवून पाहिला नाही, आणि पंचविसाव्या मिनिटापुढे पाहिलंच नाही. 'प्रशिक्षण कोणास' या रकान्यात माझं नाव घातलं. 'प्रशिक्षण देणार' इथे शबानाचं. तिने मला खरोखर अर्धा तास समोर बसवलं, आणि शेवटी प्रश्नही विचारले. एक उत्तर चुकलं म्हणून पुन्हा समजावलं. चांगली शिक्षिका आहे.

कंपनीने बाजारातला माल परत मागवला. तो पदार्थ काय होता ते सापडायला सहा महिने लागले. नव्या स्वादातला एक घटक औषधाला बाटलीच्या आतच जाऊन चिकटत होता आणि दोघांचा मिळून एक तिसराच, जड पदार्थ होत होता. तेवढ्या प्रमाणात तो अपायकारक असल्याचं दिसलं नाही. हेही लिहायलाच हवं. त्यामुळे अजूनही कोणी जुना सहकारी चिंचवडच्या भाजी मंडईत भेटला की म्हणतो, "मॅडम, उगाच एवढं केलंत. निघालं तर काहीच नाही."

मी त्याला सांगते, निघालं काय हे नंतर कळलं. त्या शुक्रवारी कोणालाच माहीत नव्हतं. आणि जे माहीत नव्हतं त्याखाली मला सही करायची नव्हती. तो शुक्रवार पुन्हा आला तर मी पुन्हा तेच करीन, फक्त पुरणपोळ्या थोड्या जास्त नेईन.

मला मेथड विभागातून कागदपत्रांच्या खोलीत पाठवलं गेलं. शेवटचं वर्ष मी जुन्या फायलींना नंबर घालत काढलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ज्याचं जास्त वाईट वाटतं ते वेगळंच आहे. त्या सगळ्या गडबडीत मी एक काम केलं नव्हतं, आणि ते आठवायला मला तीन आठवडे लागले.

मग एक दिवस धुण्याच्या खोलीत गेले. हिराबाई एक डोळा मिटून फ्लास्क बघत होत्या.

"हिराबाई, तुमचा फ्लास्क स्वच्छ होता."

"मला ठावंच व्हतं."

"मी चुकले. सगळ्यांसमोर तुम्हाला तीनदा धुवायला लावलं. मला माफ करा."

त्यांनी फ्लास्क रॅकवर उलटा ठेवला. हात पुसले.

"तवा लिवलं व्हतं ना, बाटली घाण म्हून? मंग आता बी लिवून द्या."

तो जुना फॉर्म कधीच रद्द झाला होता, हे मी त्यांना सांगणार होते. सांगितलं नाही. माझ्या पॅडचा एक कागद फाडला आणि लिहिलं: 'हिराबाईंनी धुतलेलं काचसामान स्वच्छ होतं.' 'अशुद्धी आढळली नाही' असं नाही लिहिलं, 'आमच्या तपासणीच्या मर्यादेत' असंही नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं ठाम सर्टिफिकेट मी दुसरं दिलेलं नाही. खाली सही केली.

तेव्हा इरा, बाबा म्हणतो ते खरं आहे. आजी सह्या करायची.

हिराबाईंनी कागद उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, ओठ हलवत सावकाश वाचला आणि परत माझ्यापुढे केला.

"तारीख टाका की, मॅडम."

मी तारीख टाकली.